चौथं प्रकरण काढू नकोस

अंबाजोगाई

प्रिय पोरी,

पत्र पोचलं. पीएचडी हातात पडली, आता प्रबंध राजकीय मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रबंध-पुरस्कारासाठी पाठवू का, असं विचारलंस. लगेच पुढच्या ओळीत 'पण सर, आपल्याला तिथं कोण विचारतंय' असंही लिहिलंस. तू पाठव. स्वतःचं काम स्वतःहून पुढं ठेवलं की लोक त्याला मिरवणं म्हणतात, म्हणून आपल्याकडची किती चांगली पोरं गप्प राहिली ते मी चाळीस वर्षं बघितलंय. अर्ज करणं म्हणजे हात पसरणं नव्हे.

ही संघटना जीन नटसन यांनी 1978 साली उभी केली. त्याच वर्षी 27 जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आपल्याकडं दलित वस्त्या पेटल्या. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावी लागली. कालपर्यंत शेजारी नांदणारा माणूस शेजाऱ्याच्या छपराला काडी कशी लावतो, हा या विषयाचा गाभ्याचा प्रश्न आपल्या दारात उभा होता. आम्ही मात्र मतदानाचे आकडे मांडत बसलो.

पुरस्कारांची नावंही नीट बघ. लासवेल यांच्या नावाचा मोठ्या वैज्ञानिक योगदानासाठी, अलेक्झांडर जॉर्ज यांच्या नावाचा ग्रंथासाठी, रॉबर्टा सिगेल यांच्या नावाचा अधिवेशनात निबंध वाचणाऱ्या तरुणांसाठी. मला मात्र दोन नावांपाशी थांबावंसं वाटतं. एक मानसशास्त्रज्ञ नेव्हिट सॅनफर्ड. हुकूमशाहीकडं झुकणारा माणूस घडतो कसा, यावरचा प्रसिद्ध अभ्यास 1950 साली छापून आला, त्याच्या चार लेखकांपैकी हे एक. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठ प्राध्यापकांकडून 'मी कम्युनिस्ट नाही' अशी निष्ठेची शपथ लिहून मागत होतं. सॅनफर्ड यांनी सही केली नाही, नोकरी गेली. दुसरे मनोविश्लेषक एरिक एरिक्सन. त्यांनीही त्या शपथेला विरोध करून तेच विद्यापीठ सोडलं. तरुण अभ्यासकांसाठीचा पुरस्कार यांच्या नावाचा आहे, आणि यांच्याकडं स्वतःची साधी बी.ए.ची पदवीसुद्धा नव्हती. पुढं अहमदाबादला येऊन 1918 च्या गिरणी संपातल्या म्हाताऱ्या माणसांशी ते बोलत बसले. त्यातून गांधीजींवर जे पुस्तक झालं, त्याला 1970 साली अमेरिकेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

म्हणून तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला टोचली. पुरस्कारासाठी प्रबंध 'नीटनेटका' दिसावा म्हणून चौथं प्रकरण काढून टाकते म्हणालीस. तसं करू नकोस. माझंच सांगतो.

1989 साली नामांतराच्या दंगलीवर काम करताना एका गावात एका म्हाताऱ्याच्या दारात बसलो होतो. त्याचं घर तेव्हा जळालं होतं. माझ्या प्रश्नावलीत पाच चौकटी होत्या, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. विचारलं, 'गावकऱ्यांवर तुमचा विश्वास आहे?' 'हाय की, पूर्ण. लिवा.' मी खूण करतोय तोवर गल्लीतून एकजण बैलजोडी घेऊन गेला. म्हातारा बोलायचा थांबला. बाज हातानं थोडी आत ओढली. घुंगरांचा आवाज पार विरल्यावर म्हणाला, 'तर सर, काय म्हणत व्हतो मी?'

मी समासात लिहिलं होतं: बाज आत ओढली. अशी सहा पानं जमली होती. एका परीक्षकानं 'यात शास्त्र काय?' म्हटलं, आणि मी ती सहाही पानं काढली. जबरदस्ती कुणीच केली नव्हती. खुणा केलेला तक्ता आज ग्रंथालयात आहे. ती वही माळ्यावर ठेवली होती, वाळवीनं खाल्ली.

तुझ्या चौथ्या प्रकरणात तेच आहे, माझ्यापेक्षा चांगलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांतली ती बाई. टँकरसाठी हंडे रांगेत लावून रात्रभर हंड्यांशेजारी झोपते, आणि तुझ्या कागदावर सरकारवरचा विश्वास पाचपैकी चार सांगते. तुला वाटतं, ही गडबड परीक्षकांना दिसेल. अगं, सगळ्या प्रबंधात शोध म्हणावा असा तोच आहे! चारचा आकडाही ठेव आणि झोपलेली बाईही ठेव. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, यावर चार पानं लिही. नमुना लहान आहे हे आधीच स्पष्ट सांग.

तिची वाक्यं इंग्रजीत देताना मूळ मराठी शेजारी ठेव. 'आपला माणूस' या दोन शब्दांत भावकी, जात, ओळख आणि उपकार हे सगळं येतं. इंग्रजीत त्यातलं निम्मं गळतं. मार्गदर्शकांच्या शिफारसपत्रात 'मेहनती व नम्र' नको, प्रबंधात नवं काय ते तीन वाक्यांत हवं. हक्कानं माग.

प्रकरण जसं होतं तसं मला छापून पाठव, समासात जागा सोडून. आणि लातूरला परत जाशील तेव्हा त्या बाईला एवढं विचार: हंड्यांशेजारी झोपत होतीस तेव्हा भीती कुणाची होती? टँकरवाल्याची, की गल्लीतल्यांची?

तुझा,
सर