स्टोनफ्लाय ओळखायची तर आधी दगड उलटायला शीक

भावा, स्टोनफ्लाय म्हणजे ओढ्यातल्या दगडांखाली वाढणारा एक कीटक. पंचगंगेच्या घाटावर तिला शोधत बसू नकोस. तिला गार, खळाळतं, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. पावसाचा जोर ओसरला की गगनबावड्याकडचा किंवा आंबा घाटाकडचा एखादा ओढा गाठ. राधानगरी अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

नवीन माणूस हमखास फसतो तो मेफ्लाय या दुसऱ्याच पाणकिड्याच्या निम्फला, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या पिल्लाला. पांढऱ्या बशीत ओढ्याचंच पाणी घे, निम्फ त्यात सोड आणि भिंगातून पायाचं टोक बघ. दोन नख्या आणि शेपटीला दोनच धागे म्हणजे स्टोनफ्लाय. मेफ्लायला एकच नखी, धागे बहुधा तीन, कल्ले पोटाच्या कडेला. आपल्या सह्याद्रीतल्या पर्लिडी कुळातल्या निम्फचे कल्ले छातीवर, पायांच्या बुडाशी झुपक्यांनी असतात. बशीतलं पाणी कोमट झालं की ती पाय रोवून अंग वरखाली करायला लागते. कल्ल्यांवरून पाणी फिरवायची धडपड असते ती, ऑक्सिजन कमी पडतोय. तेवढं दिसलं की निरीक्षण थांबव, लगेच तिला तिच्याच दगडाखाली सोड.

हिला कोष नसतो. अंडं, निम्फ, प्रौढ, बस्स. जातीनुसार काही महिने ते 3 वर्षं पाण्यात कात टाकत वाढते, प्रौढ मात्र फार तर काही आठवडे जगते. प्रौढाचे पंख पाठीवर सपाट मिटलेले असतात. काठच्या दगडांवर पाठीत चिरलेली रिकामी कात मिळाली तर ती खुशाल गोळा कर, अभ्यासाला तीच उत्तम. आणि उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच ठेव.