आधी नोंद वाच

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. कुबेरनेटिसमध्ये, म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर (बांधून दिलेले प्रोग्रॅम) चालवणाऱ्या यंत्रणेत, तुझा पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट, तासभर पेंडिंग, म्हणून तू सगळ्या नोडवरचं (मशीनवरचं) क्युबलेट, म्हणजे तिथले पॉड सांभाळणारा प्रोग्रॅम, रीस्टार्ट केलंस, मग पॉड डिलीट केलास, मग पॉडचं वर्णन असलेली तीच यामल फाइल पुन्हा लावलीस. अरे, त्या पॉडच्या नोंदीत नोडचा रकानाच रिकामा होता! क्युबलेट बिचारं काय करणार? ते फक्त आपल्या नोडचं नाव लागलेले पॉड उचलतं आणि कंटेनर चालवणाऱ्या कंटेनरडी या प्रोग्रॅमला ते चालवायला सांगतं.

कुबेरनेटिसमध्ये कोणी कोणाला थेट हुकूम देत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. तू जे मागतोस ते एपीआय सर्व्हर, म्हणजे सगळ्या मागण्या घेणारं दार, तपासतो आणि एटसीडीत, म्हणजे क्लस्टरच्या (सगळ्या मशीनच्या समूहाच्या) नोंदींच्या डेटाबेसमध्ये, लिहितो. एटसीडीला हात लावणारा तो एकटाच. डिप्लॉयमेंट, म्हणजे अ‍ॅप कसं चालवायचं ती मागणी, लिहिली गेली की तिचा कंट्रोलर (नोंदींवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) ती नोंद पाहून रेप्लिकासेट, म्हणजे पॉडच्या किती प्रती हव्यात ती नोंद, लिहितो, रेप्लिकासेटचा कंट्रोलर पॉड लिहितो, शेड्युलर नोड ठरवून त्याचं नाव लिहितो. सगळं एपीआय सर्व्हरमार्फत. म्हणजे काम अडलं की कुठली नोंद झाली नाही ते शोधायचं. आधी नोंद वाच.

क्युबसीटीएल डिस्क्राइब, म्हणजे नोंद उलगडून दाखवणारी कमांड, चालवली असतीस तर खाली इव्हेंट्समध्ये कारण बहुधा दिसलं असतं. तू म्हणतोस, नोडचा सीपीयू तर रिकामा होता. असेल. शेड्युलर प्रत्यक्ष वापर बघत नाही, पॉडनी मागून ठेवलेल्या रिक्वेस्ट बघतो. सगळी जागा राखून ठेवलेली असेल, तर मशीन निवांत असलं तरी नवा पॉड बसत नाही. क्युब-प्रॉक्सीचा इथे संबंधच नाही. तो सर्व्हिसकडे, म्हणजे पॉडच्या गटाच्या कायमच्या पत्त्याकडे, आलेली रहदारी पॉडपर्यंत जावी यासाठी नोडवर नियम लिहितो. त्याला सोड.

मी इतकं टोकाचं का बोलतो, तेही ऐक. माझ्या एका क्लस्टरमध्ये एटसीडीचे 3 सदस्य होते. देखभालीसाठी मी 2 मशीन एकदम बंद केली. 3 मध्ये 2 जागे असावेच लागतात. बहुमत गेलं आणि एटसीडीने लिहिणं थांबवलं. चालू कंटेनर मात्र चालतच राहिले, म्हणून मला काही बिघडल्याचं जाणवलंच नाही. पुढे त्या दोन्ही मशीनच्या डिस्क परत आल्या नाहीत. एटसीडीचा स्नॅपशॉट, म्हणजे नोंदींची बॅकअप प्रत, रोज घेतला जायचा, पण तो परत चढवून मी कधी पाहिला नव्हता. फाइल अर्धवट निघाली. क्युबसीटीएल एडिटने थेट केलेले बदल फाइलींचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नव्हतेच. तीन दिवस आम्ही आठवणीतून क्लस्टर उभा करत होतो, आणि शेजारी बसलेल्या मुलीला काय सांगावं ते मला कळत नव्हतं, कारण चूक माझी होती.

तेव्हापासून दर महिन्याला मी स्नॅपशॉट वेगळ्या मशीनवर चढवून पाहतो. अख्खा दिवस जातो, यावरून लोकांनी मला हट्टी म्हटलं, एका वरिष्ठाने वेळेचा हिशेब मागितला. मी दिला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चढवला. ज्या नोंदीवर सगळा क्लस्टर उभा आहे, ती परत आणता येते का हे बघायला दिवस जास्त कसा होतो, मला अजूनही कळलेलं नाही.

तू हुशार आहेस, म्हणूनच तुझी ही घाई मला सहन होत नाही. आज कशालाही रीस्टार्ट करू नकोस. त्या पॉडचं डिस्क्राइब इव्हेंट्ससकट मला पाठव. आणि तुमचा एटसीडीचा स्नॅपशॉट शेवटचा परत चढवून कोणी, कधी पाहिला, ते विचारून कळव.