सर विषय सोडून बोलतात, आता काय करू?

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये येतोच. कधी पोरं स्वतः येतात, कधी आईबाबा फोन करतात. शब्द वेगळे असतात पण गाभा एकच, की सर हुशार आहेत पण मुद्द्यावर राहतच नाहीत, सीनियर्समधले अर्धे म्हणतात असा माणूस परत मिळणार नाही आणि अर्धे म्हणतात वर्ष वाया गेलं, मग आम्ही कुणाचं ऐकायचं? मागे एकीसोबत मी यावर जवळजवळ चार महिने काम केलं. तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. नाव देत नाही.

ती नागपूरचीच, पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला. वडील इतवारीत एका कापडाच्या दुकानात कामाला, घर महालात. ऑनर्ससाठी तिने कामगार कायद्याचा सेमिनार घेतला होता. पंधरा-सोळा जण, आठवड्यातून दोनदा दीड तास, शेवटी प्रत्येकाने एक मोठा पेपर लिहून मांडायचा. पहिल्यांदा आली तेव्हा हातात वही होती आणि ती वही तिने पूर्ण तासभर सोडली नाही.

"मॅडम, मी पागल होऊन राहिली," हे तिचं पहिलं वाक्य. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, सेमिनारच्या आदल्या दिवशी पोटात गोळा, आणि तासाला बसलं की पेन चालत नाही कारण काय लिहायचं तेच कळत नाही. दहावीपासून तिच्या वह्या वर्गात फिरायच्या, मुद्दे, उपमुद्दे, लाल पेनाने अधोरेखित, अशी ती मुलगी. आणि हे सर १८८१ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टवर सुरू करायचे, तिथून एम्प्रेस मिल या जुन्या कापडगिरणीवर जायचे, तिथून अमेरिकेतल्या यादवी युद्धावर, आणि मग नागपूरच्या उन्हाळ्यावर वीस मिनिटं. त्या दिवशीच्या पानावर तिने तारीख टाकली होती, खाली "फॅक्टरी अ‍ॅक्ट १८८१, १०० किंवा जास्त कामगार, सात वर्षांखालची मुलं नाही" एवढं लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली फक्त "कूलर???" असं. बाकी पान कोरं.

आता माझी चूक सांगते. मी त्या दिवशी फक्त तिची अस्वस्थता बघितली. झोपेबद्दल बोलले, श्वासाचा व्यायाम शिकवला, रात्री मोबाईल लांब ठेव म्हटलं, आणि सरांबद्दल "होतं असं, सवय होईल" म्हणून पुढे गेले. ती तीन आठवडे आलीच नाही. परत आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, श्वास ठीक आहे, झोप पण थोडी लागते, पण सेमिनारचं काय?" तिचा प्रश्न खरा होता आणि मी त्याला लक्षण समजून बाजूला ठेवला होता. समुपदेशनात हे सगळ्यात सोपं असतं बघा, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते बघत बसायचं आणि त्याच्या आयुष्यात खरंच काय चाललंय ते विचारायचंच नाही.

मधल्या तीन आठवड्यांत तिने स्वतःच एक काम केलं होतं. अकरा सीनियर्सना गाठून या सरांबद्दल विचारलं होतं आणि सगळ्यांची उत्तरं वहीत लिहून आणली होती. दोन रकाने, चांगलं आणि वाईट. पाच इकडे, पाच तिकडे, एक कुठेच बसत नव्हतं म्हणून खाली. ती वाचून दाखवत होती आणि मला दिसत होतं की प्रत्येक वाक्याला तिचा चेहरा बदलतोय. "सरांमुळे मला कायदा कळला." "सर टाइमपास आहेत, घेऊ नको, जेएमएफसीत (न्यायाधीश परीक्षेत) यातलं काही येत नाही." "नुसत्या गोष्टी सांगतात." "त्यांच्या गोष्टींमुळेच मी एलएलएमला गेलो." वडिलांचं मत पण तिने लिहिलं होतं, अकरात न धरता, "विषय सोडून बोलून राहिले तर फी कायची घेऊन राहिले?"

मी म्हटलं, आता तिसरा रकाना काढ. ज्याने हे सांगितलं तो आत्ता काय करतोय आणि तेव्हा त्याला सेमिनारमधून काय हवं होतं, तेवढं लिही. जिथे माहीत नाही तिथे फोन करून विचार. पुढच्या वेळी आली तेव्हा चित्र बरंच स्पष्ट होतं. टाइमपास म्हणणाऱ्या पाचपैकी चौघं तेव्हा न्यायाधीश परीक्षेची तयारी करत होते, त्यांना कलमं आणि निकाल हवे होते आणि वेळ मोजून मिळत होता, त्यांचा राग अगदी बरोबर होता. कौतुक करणारे बहुतेक पुढे शिकायला गेलेले, किंवा असे की ज्यांना पेपरचा विषयच त्या गप्पांमधून सापडला. म्हणजे दोन्ही बाजू सरांपेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगत होत्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

पण माझं लक्ष त्या अकराव्या मताकडे होतं. एका सीनियर मुलीने सांगितलं होतं, "सरांना मधेच थांबवून विचारलं तर ते चिडत नाहीत, पण कुणी विचारतच नाही." हिने ते चांगल्यात पण नाही टाकलं आणि वाईटात पण नाही, कारण त्यात निकाल नव्हता. मला वाटतं अकरातलं कामाचं तेवढं एकच होतं, कारण त्यात सर काय करतात ते सांगितलं होतं आणि बाकी दहांनी सर कसे आहेत ते सांगितलं होतं. कुणाबद्दलही विचारताना पोरं "कसे आहेत?" असं विचारतात आणि मग निकालच मिळतो, आणि दुसऱ्याचा निकाल आपल्या डोक्यावर घेऊन वर्षभर बसावं लागतं.

तिने विचारलं, मग मतांना काहीच अर्थ नाही का? असंही नाही. मी तिला अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीतला २०१० चा एक अभ्यास सांगितला होता. तिथे विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाहीत, वाटून दिले जातात, त्यामुळे तुलना नीट करता येते. गणिताच्या ज्या शिक्षकांकडे मुलांना त्या कोर्सला चांगले मार्क पडायचे त्यांना मुलांची पसंतीही जास्त मिळायची, पण तीच मुलं पुढच्या, त्यावर आधारलेल्या कोर्सला मागे पडलेली दिसली. म्हणजे सुटसुटीत वाटणं आणि पुढे उपयोगी पडणं या दोन गोष्टी नेहमी सोबत जात नाहीत. पण याचा उलटा अर्थ काढून भरकटणारे सर म्हणजे थोर असंही समजू नका. रंजक पण मुद्द्याशी संबंध नसलेली माहिती मधे घातली की मूळ मुद्दा कमी लक्षात राहतो, हे शिक्षणाच्या मानसशास्त्रात कितीतरी प्रयोगांत दिसलंय. त्यामुळे तिला काही कळत नव्हतं तर तो तिचा कमकुवतपणा नव्हता, आणि हे मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं. ते ऐकून ती रडली. इतके दिवस तिला वाटत होतं की बाकीचे मान डोलवतात म्हणजे त्यांना कळतंय आणि आपणच कमी पडतोय.

मग आम्ही दोन वेगळी कामं वेगळी केली, कारण तिच्या डोक्यात ती एकच झाली होती. एक म्हणजे समजणं आणि दुसरं म्हणजे मार्क.

समजण्यासाठी वहीच्या पानाला डावीकडे मोठा समास सोडायला सांगितला. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात नोट्स काढायची एक पद्धत मांडली होती, डावीकडे अरुंद रकाना प्रश्नांसाठी, उजवीकडे नोट्स आणि खाली सारांशाची पट्टी. आम्ही ती आमच्या सोयीने वाकवली. सर भरकटले की उजवीकडे लिहायचं थांबायचं, समासात एक-दोन शब्दांत ते काय बोलतायत तेवढं लिहायचं, आणि पुढे एकच प्रश्न, "हे इथे का आलं?" घरी जाऊन पंधरा मिनिटं शोधायचं. सापडलं तर बाण काढायचा, नाही सापडलं तर पुढच्या तासाला विचारायचं, आणि विचारूनही काही निघालं नाही तर फुली मारून सोडून द्यायचं, त्याचं ओझं घ्यायचं नाही.

पहिला बाण त्या कूलरला लागला. झालं असं की सरांनी सांगितलं होतं, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून ते नाव. कापूस इथलाच, १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आलेली, त्यामुळे जागा सोयीची. मग अडचण काय तर हवा. मुंबईची हवा दमट, तिथे सूत कमी तुटतं, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात धागा तटातट तुटतो. म्हणून गिरणीच्या आत हवा ओली ठेवावी लागायची. आणि इथून सर आपल्या घरच्या वाळ्याच्या ताट्या आणि कूलरवर गेले आणि तास संपला, दोरी बांधायची राहूनच गेली. हिने घरी शोधलं तेव्हा १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम १५ हाती लागलं, ते अख्खं कलम कारखान्यात कृत्रिमरीत्या हवा दमट करण्यावर होतं, त्यासाठी वापरायचं पाणी स्वच्छ असलं पाहिजे इथपर्यंत. मला रात्री साडेदहाला मेसेज, "मॅडम कूलर सिलॅबसमध्ये आहे!!!"

सगळेच बाण असे लागले नाहीत हे पण सांगते. सप्टेंबरअखेर तिच्या समासात तेवीस नोंदी होत्या, चौदांना बाण आणि नऊ फुल्या. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे आणि १८९० ला मिळालेली रविवारची सुट्टी याला बाण होता, सरांच्या लंडनच्या प्रवासाला फुली. माझ्या मते फुल्या नऊ म्हणजे जास्तच होत्या, दीड तासाच्या सेमिनारमध्ये शिक्षकानेही थोडं भान ठेवायला हवं, पोरांचा वेळ त्यांचा असतो. शांतपणे मोजल्यामुळे निदान तिला कळलं की किती वाया जातंय आणि किती नाही, आधी सगळंच वाया वाटायचं.

दुसरं काम मार्कांचं, ते तिला जास्त जड गेलं. पेपर किती शब्दांचा, कधी द्यायचा, मांडणीला किती मार्क, सप्टेंबर आला तरी वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. विचारायचं म्हटलं की ती म्हणायची, "सर मोठे आहेत, त्यांना वाटेल पोट्टी मार्कांच्याच मागे आहे." आम्ही माझ्या खोलीत तीनदा सराव केला, मी सर झाले आणि मुद्दाम विषय बदलत राहिले. तिसऱ्यांदा तिला वाक्य सापडलं, "सर, हे ऐकायला छान वाटतंय, पण आधी पेपरची तारीख सांगाल का, म्हणजे निवांत ऐकता येईल." प्रत्यक्षात म्हणाली तेव्हा आवाज कापत होता असं तिनेच सांगितलं. सरांनी तारीख फळ्यावर लिहिली, शब्दमर्यादा लिहिली, गुणांची विभागणी लिहिली, आणि मग तारखेवरूनच आणखी कशावर तरी दहा मिनिटं बोलले. पण वर्गातल्या सगळ्यांनी फळ्याचा फोटो काढला.

इथे एक महत्त्वाचं लिहिते, कारण सगळ्यांचं असं होत नाही. सर विषय सोडून बोलतात याचा अर्थ कधीकधी वेगळा असतो. मुलींच्या कपड्यांवर, कुणाच्या जातीवर, कुणाच्या घरच्या परिस्थितीवर बोलत असतील तर समासबिमास काही नाही, ती तक्रारीची गोष्ट आहे. परीक्षेला येणारा भाग शिकवलाच नाही आणि विचारूनही शिकवत नाहीत, ती पण. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिथे लेखी द्या, दोन-चार जणांनी मिळून द्या, तारखा घालून द्या. एकट्याने सहन करत बसू नका, माझ्याकडे आलात तरी मी आधी हेच सांगेन.

हिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये तिने पेपरचा विषय ठरवला, गिरणीतली हवा आणि कामगाराचं आरोग्य. घरी जेवताना सांगत होती तर वडील, जे फीबद्दल बोलले होते, जेवता जेवता थांबले. त्यांचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. "आबा घरी यायचे तर सदरा ओला राहायचा," ते म्हणाले, "आम्हाला वाटायचं घाम आहे. ते म्हणायचे घाम नाही, आत पाणी उडवतात सुतासाठी. अन् खोकला पण तिथलाच." हे तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते उठून त्याच वहीत लिहिलं, समासात. दुसऱ्या दिवशी वडील दुकानातून आले ते आणखी दोन म्हाताऱ्या माणसांचे पत्ते घेऊन.

झोप आता बरीच सुधारली आहे, सेमिनारच्या आदल्या दिवशी पोटात अजून थोडं होतं. मार्क ठीक पडले, तिला हवे होते त्यापेक्षा दोन कमी, त्याचं तिला दोन दिवस वाईट वाटलं. डिसेंबरमध्ये शेवटची आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली की तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तिला भेटली होती, हाच सेमिनार घ्यायचा का विचारत होती, सर कसे आहेत म्हणून.

मी विचारलं, काय सांगितलंस?

"सांगितलं, पाऊण तास कायद्यावर बोलतात, पाऊण तास इकडचं तिकडचं. त्यातलं अर्धं नंतर जुळतं, अर्धं नाही. तारीख विचारली तर देतात, नाही विचारली तर देत नाहीत. आणि समास मोठा सोड."