वाचक विचारतात : मोटारींची शर्यत नेमकी पाहायची कशी?

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याकडचे. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायामुळे बरीच वर्षे कोइम्बतूरला स्थायिक आहोत. येथील कारी मोटर स्पीडवेवर मोसमातील पहिल्या शर्यती होणार असल्याने माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने हट्ट धरला आहे. सत्तरी ओलांडलेले वडीलही येऊ म्हणतात. आम्हांपैकी कोणालाच यातले काही कळत नाही. गरगर फिरणाऱ्या गाड्या पाहून कंटाळा येणार नाही ना?
— एक वाचक, कोइम्बतूर

उत्तर : कंटाळा येतो, पण तो बहुधा चुकीच्या जागी उभे राहिल्याने. मी स्वतः पहिल्या खेपेस सुरुवातीच्या रेषेसमोरची जागा अडवून बसलो होतो. लाल दिवे विझले, सगळ्या गाड्या एकदम सुटल्या आणि त्यानंतर दर फेरीला डोळ्यांसमोरून काही रंग सर्रकन जाण्यापलीकडे मला काहीही दिसले नाही.

तुमचा चेट्टिपाळयमचा हा कारी ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, आणि नवख्या प्रेक्षकाच्या दृष्टीने हीच त्याची सोय आहे, कारण एकदा समोरून गेलेली गाडी फार वाट पाहायला न लावता पुन्हा समोर येते. सरळ पट्टा संपून जेथे तीव्र वळण लागते, तेथे कुंपणाबाहेर, प्रेक्षकांना मुभा असेल त्या ठिकाणी उभे राहा. प्रत्येक चालक ब्रेक किती उशिरा दाबतो, कोण आतली बाजू धरतो आणि आत घुसण्याच्या नादात कोणाची गाडी वळणातून बाहेर पडताना बाहेरच्या कडेला फेकली जाते, हे सारे तेथे दिसते. पहिल्या क्रमांकाची गाडी एकटीच पुढे निघून गेली असेल, तर तिचा नाद सोडून चौथ्या-पाचव्या क्रमांकासाठी झुंजणाऱ्यांकडे पाहावे. खरी करमणूक पुष्कळदा तेथेच असते.

मुलाला ‘फॉर्म्युला एलजीबी ४’ची शर्यत आवर्जून दाखवा. उघड्या चाकांच्या या एकआसनी गाड्यांना मारुती स्विफ्टचे १३०० सीसीचे इंजिन असते. सगळ्यांच्या गाड्या सारख्याच असल्यामुळे केवळ इंजिनाच्या जोरावर कोणी पुढे जाऊ शकत नाही. मागचा चालक पुढच्या गाडीला अगदी चिकटून राहतो, कारण तिच्या पाठीमागे हवेचा विरोध कमी होतो. मग सरळ पट्ट्याच्या शेवटी तो अचानक बाजूला निघतो आणि वळणाआधी नाक पुढे काढतो. हे एकदा ओळखू आले, की मुलगा पुढची चाल तुमच्याआधी सांगू लागेल.

निशाणे थोडकीच लक्षात ठेवली तरी चालतील. पिवळे म्हणजे पुढे धोका आहे, तेथे कोणी कोणाला मागे टाकायचे नाही. निळे म्हणजे एक फेरी पुढे असलेली वेगवान गाडी मागून येत आहे, तिला वाट द्यावी. लाल दिसले, की शर्यत थांबली.

जून-जुलैत पालघाटाच्या खिंडीतून येणारा वारा तुमच्या शहरात कसा झोंबतो, हे तुम्हांला सांगायला नको. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा असतो, त्यामुळे वडिलांसाठी आणि मुलासाठीही कानांत घालायचे बोळे न विसरता न्यावेत. वडिलांना सावलीत बसण्याची सोय आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या जेथे जुळवल्या जातात त्या आवारात, प्रेक्षकांना जाऊ देतात का, या दोन गोष्टी आयोजकांना आधी विचारून घ्या. तेथे प्रवेश मिळाला तर सकाळीच जावे. मेकॅनिक गुडघ्यांवर बसून टायरमधील हवेचा दाब पुन्हा पुन्हा तपासत असतात आणि हाताला काळे लागलेले असतानाही मुलांच्या प्रश्नांना बहुधा उत्तर देतात.

शेवटची शर्यत संपताच गाडीतळाकडे धावू नका. शर्यतीनंतर गाड्यांची तांत्रिक तपासणी होते, नियमांत न बसणारे काही आढळल्यास विजेताही बाद होतो, आणि मग दुसऱ्याच नावाने टाळ्या वाजवाव्या लागतात.

मुलाने ‘मलाही चालवायची आहे’ म्हटले, तर त्याची सुरुवात गो-कार्टिंगपासून होते, हे त्याला सांगा. सुट्टीत गावी याल तेव्हा त्याला कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर न्यायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये फॉर्म्युला ३ पर्यंत पोहोचलेला कृष्णराज महाडिक कोल्हापूरचाच.