पठारावर पवनचक्क्या असताना पायथ्याच्या गावात वीज का जाते?

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असताना पायथ्याच्या गावांत वीज का जाते आणि ती वीज थेट गावाच्याच वाहिनीवर का सोडत नाहीत, असे आपण विचारले आहे. सातारा जिल्ह्यातील उपकेंद्रांत मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पवनचक्कीत काहीशे व्होल्टला तयार होणारी वीज बुंध्याजवळच्या रोहित्रातून 33 केव्हीपर्यंत (म्हणजे 33 हजार व्होल्टपर्यंत) चढवली जाते आणि अनेक यंत्रांची वीज एकत्र करून पुढे उच्चदाब जाळ्यात दिली जाते. गावाची 11 केव्ही वाहिनी निराळी असते. तिच्यावर फांदी पडली, की वर कितीही वारा असला तरी गावात अंधारच होतो.

पवनचक्कीची वीज थेट या वाहिनीवर सोडण्यात खरी अडचण दाबाची, म्हणजे व्होल्टेजची आहे. ग्रामीण वाहिनी बांधताना वीज उपकेंद्राकडून टोकाकडे जाणार, असे धरलेले असते. त्यामुळे टोकाकडे दाब उतरत जातो आणि पुष्कळ ठिकाणी तारही बारीक होत जाते. अशा टोकाला मोठी पवनचक्की जोडली आणि भार कमी असला, तर प्रवाह उलट वाहू लागतो व टोकाचाच दाब मर्यादेबाहेर चढतो. आपल्याकडे वारा जोरात असतो तो जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे पावसामुळे शेतीपंप बंद असतात नेमके तेव्हाच. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते, त्यामुळे दाबाचे हे चढउतार क्षणोक्षणी होत राहतात. जुनी इंडक्शन जनित्रे तर जाळ्यातून रिॲक्टिव्ह पॉवर (यंत्रातले चुंबकीय क्षेत्र टिकवणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी शक्ती) ओढतात, म्हणून ती पुरवणारे कपॅसिटर त्यांना जोडावे लागतात.

एक गोष्ट मी कधीही दुय्यम मानणार नाही. वाहिनी बंद करून वायरमन खांबावर चढला असताना तीच वाहिनी पवनचक्कीमुळे जिवंत राहता कामा नये. जाळ्याचा पुरवठा जाताच यंत्र वाहिनीपासून आपोआप सुटे झालेच पाहिजे.

म्हणून जोडणी वाहिनीच्या टोकाला न देता उपकेंद्राच्या 33 केव्ही बसबारवर (सगळ्या वाहिन्या जिथे जोडलेल्या असतात त्या जाड पट्टीवर) द्यावी, रोहित्राला दाब आपोआप कमी-जास्त करणारा टॅप चेंजर असावा आणि यंत्रे रिॲक्टिव्ह पॉवर स्वतः सांभाळणारी, नव्या पद्धतीची असावीत, असे माझे मत आहे. भाराचाही विचार व्हायला हवा. सांगली जिल्ह्यात म्हैसाळ, टेंभू यांसारख्या उपसा योजनांतून पावसाळ्यात कृष्णेचे वाहून जाणारे पाणी दुष्काळी तालुक्यांतील तलावांत सोडता येते, आणि त्या पंपांना लागणारी मोठी वीज वाऱ्याच्या भर हंगामातच हवी असते. कवठेमहांकाळ, जत भागात पवनचक्क्याही आहेत. वारा वाढेल तसे पंप वाढवत नेण्याचे वेळापत्रक तेथे बसवून पाहावे, असे मला मनापासून वाटते.