एक पाय नसलेल्या मुलीला पोहण्यात करिअर करता येईल का?

तुम्ही विचारलंय की मुलगी 11 वर्षांची आहे, अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, सुट्टीत पोहायला शिकली आणि आता स्पर्धेचं म्हणतेय. यात करिअर असतं का, की नुसती हौस? माझा डावा पाय पोलिओचा. गावच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलो, पुढे काही वर्षं राज्य आणि राष्ट्रीय पॅरा, म्हणजे दिव्यांगांच्या, स्पर्धांमध्ये पोहलो. आता नोकरी करतो आणि सकाळी टँकवर दोन-तीन पोरांना शिकवतो. त्यामुळे पाण्यातलं आणि पाण्याबाहेरचं, दोन्ही सांगतो.

पाण्यातलं सोपं आहे, खरंच. कृत्रिम पाय काठावर राहतो, स्पर्धेत तो लावून पोहता येत नाही. एकाच पायाचा जोर लागल्यामुळे अंग एका बाजूला वळतं. मी सुरुवातीला दर फेरीत लेनच्या दोरीवर जाऊन आदळायचो, खांद्याची सालटी निघायची. हातांचा ओढा आणि पोटाची ताकद वाढली की ते सरळ होतं. चांगला कोच वर्षभरात जमवून देतो.

खरी भानगड वर्गीकरणाची. शारीरिक अपंगत्वासाठी एस-1 ते एस-10 असे गट आहेत, आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. ब्रेस्टस्ट्रोकचा, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहण्याचा, गट वेगळा ठरतो, कारण तिथे पायांचं काम जास्त. गुडघ्याखाली एक पाय नसेल तर बहुधा एस-9 किंवा एस-10 मिळतो. आधी टेबलावर तपासतात, मग पाण्यात पोहायला लावतात. मूल वाढतं तशी फेरतपासणी होते आणि गट बदलूही शकतो. शिवाय पॅरालिम्पिकमध्ये प्रत्येक गटाला प्रत्येक शर्यत नसते. तेव्हा 'बटरफ्लायच (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहणं) करायचं' असं आत्ताच ठरवू नका.

आता जरा कडू बोलतो. पहिल्याच वर्षी तिला मेडल मिळेल आणि पेपरात फोटोही येईल. हुरळून जाऊ नका. माझ्या एका शर्यतीत आम्ही तिघेच होतो, म्हणजे बुडालो नसतो तर ब्राँझ ठरलेलंच. मेडल कपाटात ठेवा आणि वेळ वहीत लिहा. त्या गटातल्या जगातल्या पहिल्या आठ जणींची वेळ शेजारी लिहा. दर सहा महिन्यांनी फरक कमी होतोय का, एवढंच बघायचं.

आपल्याकडचे मोठे झाले ते घड्याळावरच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. 1965च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972ला हायडेलबर्गमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहले. तो विश्वविक्रम होता आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 साली! मधली वर्षं तुम्हीच मोजा. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या सुयश जाधवचे दोन्ही हात 2004मध्ये विजेच्या धक्क्याने कोपराखाली गेले. 2016च्या रिओ पॅरालिम्पिकसाठी 'ए' पात्रता वेळ गाठणारा तो पहिला भारतीय पॅरा जलतरणपटू. 2018च्या आशियाई पॅरा स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्याचं. हात नसताना बटरफ्लाय! टोकियो पॅरालिम्पिकमध्ये मात्र 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नियमभंगामुळे बाद झाला. एवढ्या वर्षांची मेहनत आणि असा निकाल, हेही या खेळात धरूनच चालावं लागतं.

कांचनमाला पांडे अमरावतीची, पूर्ण अंध. एस-11 या अंधांच्या गटात सगळ्यांना काळा गॉगल लावावा लागतो आणि भिंत जवळ आली की काठीच्या टोकाला बांधलेल्या मऊ गोळ्याने काठावरून टपली मारतात. 2017ला मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत 200 मीटर मिडलेचं (एकाच शर्यतीत चारही प्रकारांनी पोहणं) सुवर्ण तिने आणलं. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेला मात्र पैशांवाचून तिचे हाल झाले होते. तिचा आधार काय, तर रिझर्व्ह बँकेतली नोकरी.

करिअरचं उत्तर इथेच आहे. पोहण्यातून घर चालत नाही. म्हणून शाळा सोडू देऊ नका. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर 2016च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे.

टँकवाला 'जबाबदारी कोण घेणार' म्हणेल. मला दोन ठिकाणांहून असंच परत पाठवलं होतं. तुम्ही पहिला महिनाभर स्वतः काठावर बसा, मग तेच लोक तिला हाक मारून बोलावतील. कुबडीचं रबर झिजलेलं असेल तर आजच बदला, ओल्या फरशीवर पाण्यापेक्षा जास्त धोका आहे. आणि कृत्रिम पायासाठी एक कोरडी पिशवी, एक जादा मोजा बरोबर ठेवा. ओल्या मोज्याने पुरळ उठलं की आठवडाभर ना शाळा, ना टँक.