जनुकांचा रिपोर्ट पाहून खर्रा सुटेल का?

प्रश्न : डॉक्टरताई, मी ३४ वर्षांचा. दारव्हा तालुक्यात आमचं वावर आहे. बाबांना शुगर, मागल्या साली पायाचं बोट काढावं लागलं. पुण्यातल्या चुलतभावानं लाळ देऊन जनुकांची तपासणी केली, त्यात मधुमेहाचा धोका जास्त निघाला. तो म्हणतो, तूही कर, रिपोर्टच्या धाकानं तरी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुटेल, चालणं सुरू होईल. करू का?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, त्या तपासणीवर पैसे घालू नका. असा धाक टिकत नाही. २०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. जनुकांतला धोका कळल्यामुळे लोकांनी धूम्रपान सोडलं, जेवण बदललं किंवा व्यायाम वाढवला, असं त्यात दिसलं नाही. आणि तुमच्या घरी तर बाबांचं बोट गेलं. ते रोज पाहूनही खर्रा सुटत नसेल, तर कागदानं काय सुटणार? उलट धोका कमी निघाला, तर निर्धास्त व्हाल. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

वडिलांना शुगर आहे, म्हणजे तुम्हाला धोका आहेच. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्के घटवून आठवड्याला १५० मिनिटं चालणाऱ्यांमध्ये मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. मधुमेहाचं जनुक अंगात असणाऱ्यांनाही फायदा झालाच. वावरात राबता, हे खरं. पण कापूस वेचून झाला की उन्हाळाभर काय? तेव्हा पहाटे, ऊन चढायच्या आत चाला. चहातली साखर आजच कमी करा.

तिशीपुढच्यांची शुगर-बीपी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. उपाशीपोटी जा. आकडा १०० ते १२५ आला तर अजून वेळ हातात आहे. १२६ किंवा वर आला तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासा.

खर्ऱ्यातली तंबाखू काढली तरी सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो. पानठेल्यावरची बैठक काही दिवस टाळा, आणि १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा; तंबाखू सोडायला तिथे मदत मिळते.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं मात्र वेगळं. तो एकाच जनुकाचा आजार. नवरा-बायको दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून ते जनुक अंगात असलं, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. घरात कुणाची सोयरीक जमत असेल तर आधी ती तपासणी करा. सरकारी दवाखान्यात होते.

शुगरचा आकडा आला की मला लिहा. बाबांच्या पायाची जखम भरली का, तेही कळवा.